आज सोफा कुठे आहे?

मी खोली बघायला गेलो त्या दिवशी त्या घरातल्या सोफ्याचं तोंड भिंतीकडे होतं. जेवणाचं टेबल खिडकीला चिकटलेलं, त्याच्यावर दोन खुर्च्या उलट्या घातलेल्या, आणि टीव्ही स्वयंपाकघराच्या दाराशी जमिनीवर. मला वाटलं रंगकाम निघालंय. तसं विचारल्यावर घरमालकीण काकू म्हणाल्या, "रंग कशाला? आज सेक थ्रीची बॅच आहे." एवढ्याने सगळा खुलासा झाला असं समजून त्या मला खोली दाखवायला पुढे निघाल्यासुद्धा.

सेक थ्री म्हणजे सेकंडरी थ्री, आपल्याकडची नववी, हे मला लवकरच कळलं. पण नववीच्या मुलांचा आणि रुसून बसलेल्या सोफ्याचा संबंध काय, हे कळेपर्यंत सिंगापुरातल्या यिशुनच्या त्या फ्लॅटमधली मागची खोली मी घेऊन बसलो होतो.

मी सॉफ्टवेअर टेस्टर. पुण्याहून एम्प्लॉयमेंट पासवर आलेलो, ऑफिस आंग मो किओला. दुसऱ्याच्या कामातल्या चुका काढणं हा माझा धंदा, आणि काल जी वस्तू जिथे होती ती आज तिथेच असावी एवढीच माझी जगाकडून अपेक्षा. माझ्यासारख्याने काकूंकडे राहायला जाणं म्हणजे स्वतःच्या हाताने पायावर धोंडा पाडून घेणं होतं. चपलांचं कपाट सकाळी दाराशी असायचं आणि संध्याकाळी फ्रिजशेजारी. "तुझ्या खोलीला मी कधी हात लावलाय का?" काकू विचारायच्या. नव्हता लावला. पण खोलीबाहेर पाऊल टाकलं की रोज कुणाच्या तरी नव्या घरात शिरल्यासारखं वाटायचं. पहिल्या दिवशी मी 'अहो' होतो, दुसऱ्या दिवशी 'अरे' झालो, तेवढं एक मात्र नंतर कधी हललं नाही.

काकू मुलांना निबंध शिकवायच्या, इंग्रजी. सिंगापुरात शाळा सुटली की खरी शाळा सुरू होते, तिला ट्यूशन म्हणतात, आणि निबंधाला म्हणतात कॉम्पो. दुपारी चारनंतर काकूंच्या हॉलमध्ये मराठी, तमिळ, चिनी अशी सगळी पोरं जमायची. ती येतानाच तयार वाक्यं घेऊन यायची, गाइडातली, घोकलेली. विषय कुठलाही असो, सूर्य आपली सोनेरी किरणं उधळायचाच आणि कुणाच्या तरी कपाळावर घामाचे मोती जमायचेच. फुटबॉलची मॅच हरली तरी घामाचे मोती, आजीला भेटायला गेलं तरी घामाचे मोती. काकू ओरडायच्या नाहीत. त्या वाक्यावर बोट ठेवून एवढंच विचारायच्या, "पाहिलंस की आठवलंस?"

वर्ग सगळा इंग्रजीत, पण हा प्रश्न मराठीत, आणि तो सगळ्यांना. त्यामुळे मराठीचा दुसरा शब्दही न येणारी चिनी पोरं लिफ्टची वाट बघताना इथल्या बोलीतलं शेपूट लावून एकमेकांना छळायची, "पाहिलंस की आठवलंस, लाह?"

तर आठवणीवर कुणाला विसंबता येऊ नये म्हणून काकू हॉल हलवायच्या. वर्णनाचा विषय वर्षभर एकच, हा हॉल. मागच्या आठवड्याचा परिच्छेद या आठवड्यात चालायचा नाही, कारण मागच्या आठवड्याचा हॉलच शिल्लक नसायचा. आईबाप यायचे, अख्खा निबंध कधी शिकवणार म्हणून विचारायचे. काकू म्हणायच्या, "आधी एक परिच्छेद स्वतःच्या पायावर उभा राहू दे, मग त्याची वरात काढू."

"बट टीचर, इट्स द सेम रूम, लाह," पुंगोलहून येणारी एक मुलगी पहिल्याच दिवशी म्हणाली. आईवडील दोघेही बँकेत, मूळचे दादरचे. ते घरी मराठीत बोलायचे आणि ही इंग्रजीत उत्तरं द्यायची. अंगाने काटकुळी, पण बोलायला तिखट.

"सेम का? मग डोळे मीट आणि सोफ्यावर जाऊन बस," काकू म्हणाल्या.

ती डोळे मिटून ऐटीत चालत गेली आणि माझ्या चपलांच्या कपाटावर बसली. कपाट मोडलं. तेव्हापासून माझ्या चपला दाराबाहेर, आणि ती मुलगी काकूंची कायमची विद्यार्थिनी.

काकूंची स्वतःची एक शिकवण्याची भाषा होती. 'सुंदर' हे मत झालं, माहिती नाही. विशेषण म्हणजे पाहुणा, आला की त्याच्या चहापाण्याचं बघावं लागतं, तेव्हा आधी घरात चहा आहे का ते बघून मगच बोलवावं. वर्णन करताना वस्तूंपाशी थांबायचं, गोष्ट सांगताना माणसांच्या मागे धावायचं. या दुसऱ्या तत्त्वाचं प्रात्यक्षिक असं, की दोन मुलांनी सोफा उचलून हॉलच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकाला न्यायचा आणि बाकीच्यांनी ते लिहायचं. कोण आधी वाकलं, कोणाचं बोट चेमटलं, कोण नुसतंच हात लावून चाललं होतं. पोरं एरवी खेचूनही पान भरायची नाहीत, पण मित्राचा आळस उघडा पाडायचा म्हटलं की त्यांना कागद पुरायचा नाही.

सामान ओढण्याच्या आवाजाने खालच्या मजल्यावरचे चिनी अंकल एकदा वर आले. पायात स्लीपर, हातात वर्तमानपत्राची गुंडाळी. दारातून आत बघून म्हणाले, "एव्हरी वीक यू शिफ्ट हाऊस, अह?" काकूंनी त्यांना आत बोलावलं नाही. त्या म्हणाल्या, "अंकल, प्लीज, तिथेच उभे राहा, हलू नका," आणि मुलांकडे वळून म्हणाल्या, "लिहा." अंकल बिचारे पाच-सहा मुलांनी निरखून बघितल्यामुळे अवघडले, मग हळूहळू खुलले आणि शेवटी त्यांनी स्वतःवरचे सगळे परिच्छेद वाचून घेतले. एकाने त्यांच्या स्लीपरचा अंगठा शिवलेला टिपला होता, त्याचं त्यांना फार कौतुक वाटलं. मात्र आवाजाचा बंदोबस्त काकूंनी केला. फर्निचरच्या प्रत्येक पायात मोजा चढवला. त्या महिन्यात माझे बरेच मोजे बेपत्ता होते. डायनिंगच्या एका खुर्चीने माझा निळा, ऑफिसचा मोजा घातलेला पाहिला तेव्हा माझी खात्री पटली की या घरात आपली खोली आहे पण आपलं असं काही नाही.

काकू बसायच्या कधी, हा मला पडलेला प्रश्न. त्या उभ्याने जेवायच्या, चालत चहा प्यायच्या आणि अर्धा कप कुठेतरी ठेवून विसरायच्या. एकदा तो लिफ्टमध्ये सापडला. हॉकर सेंटरमध्ये, इथल्या खाण्याच्या मंडईत, त्यांच्याबरोबर जाणं ही शिक्षाच. ट्रे घेऊन एका टेबलाशी टेकल्या की पंखा लागत नाही म्हणून दुसऱ्यावर, तिथून माणसं दिसत नाहीत म्हणून तिसऱ्यावर. तोवर माझा डोसा गार. गणपतीत आरतीला सगळ्यांत पुढे, आणि भाषणं सुरू झाली की सगळ्यांत आधी बाहेर. "माझ्या आईला मिरजेत वाटायचं, हिला एका जागी कोण बसवणार," त्या सांगायच्या, "म्हणून बोटीवरच्या माणसाला दिली. म्हटली, दोघंही फिरत राहतील."

बोटीवरचा माणूस म्हणजे काका. ते मालवाहू जहाजावर चीफ इंजिनीअर. वर्षातले बरेच महिने समुद्रावर, मग काही महिने यिशुनला. देहाने आडवे, बोलायला मोजके. घराच्या या फिरत्या संसाराचा त्यांना त्रास होईल असं मला वाटायचं; उलट ते त्याचीच वाट बघत यायचे. "बोटीत जमीन हलते म्हणून टेबल-खुर्च्या बोल्टने पक्क्या केलेल्या असतात," त्यांनी मला समजावलं. "इथे जमीन हलत नाही, मग ही सामान हलवते. तिला काहीतरी हलायला लागतं." घरी आले की ते बॅगेसकट उंबऱ्यात उभे राहायचे आणि आत न बघता विचारायचे, "आज सोफा कुठे आहे?" आतून काकू म्हणायच्या, "शोधा." ते हसत आत यायचे आणि बरोबर जाऊन बसायचे. त्या दोघांच्या संसारातला तेवढाच काय तो शृंगार माझ्या बघण्यात आला, पण तो फार देखणा होता.

एका खेपेला मी त्यांची दुसरी बॅग लिफ्टपासून ओढत आणली होती. ते उंबऱ्यात उभे राहिले. "आज सोफा कुठे आहे?"

"शोधा," काकू आतून म्हणाल्या.

ते हलले नाहीत. मग त्यांनी एक हात पुढे केला, पाऊल टाकलं, आणि अगदी शेजारी असलेल्या टीपॉयला धडकून गुडघ्यावर पडले. टीपॉय दिवसाउजेडी त्यांच्या डाव्या हाताशी होता, मला तो दारातून स्पष्ट दिसत होता. काकू पळत आल्या. काका जमिनीवर बसल्या बसल्या म्हणाले, "अगं, कडेचं काही दिसत नाही हल्ली. समोरचं तेवढं दिसतं."

काचबिंदू निघाला. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली थेंबांवर टिकवायची, आणि तीही किती दिवस टिकेल ते कोणी सांगू शकत नाही, असं हॉस्पिटलमध्ये सांगितलं. बोटीवरची नोकरी सुटली. दृष्टी कमी झालेल्यांना घरात वावरायला शिकवणारी एक बाई तिथे होती, तिने काकूंना बजावलं, घरातली एकही वस्तू जागची हलवू नका. सगळं कायम ठरल्या जागी राहिलं पाहिजे.

हे काम मी उत्साहाने अंगावर घेतलं, खोटं कशाला बोलू. सोफा, टेबल, खुर्च्या, टीव्ही यांच्या जागा ठरवल्या आणि प्रत्येक पायाभोवती जमिनीवर पिवळी टेप चिकटवली. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा त्या घराला शिस्त लागली. मला हवं होतं तसं घर मला मिळालं, आणि आठवड्याभरात ते मला हॉस्पिटलसारखं वाटायला लागलं.

काका एका खुर्चीत बसले ते बसलेच. उठून बाथरूमला जायचे, जेवायला टेबलाशी यायचे, परत खुर्चीत. "जरा फिरा ना घरात," काकू म्हणायच्या. "कशाला?" ते म्हणायचे. "सगळं जिथल्या तिथे आहे, मला माहीत आहे." ठाण्याहून त्यांच्या धाकट्या भावाचे फोन सुरू झाले होते. तिथे एकत्र कुटुंब, मोठं घर, माणसांचा राबता. दादाला इकडे आणा, आम्ही बघतो. काकूंना जायचं नव्हतं. पण काकाच एके दिवशी जेवता जेवता म्हणाले, "मला ठाण्याला नेऊन ठेव."

काकू वाढता वाढता थांबल्या. "नेऊन ठेव म्हणजे? तुम्ही काय सोफा आहात?"

काकूंनी भाताचं भांडं आत नेलं आणि त्या बराच वेळ बाहेर आल्या नाहीत. मला त्या क्षणी पिवळ्या टेपची चीड आली. मीच चिकटवलेली होती.

काकूंची चाल आता घराबाहेर गेली. ब्लॉकच्या, म्हणजे आमच्या इमारतीच्या, लांबलचक कॉरिडॉरमध्ये त्या येरझाऱ्या घालायच्या, जिन्याने सगळ्यांत वरच्या मजल्यावर जाऊन उतरायच्या, खिडकीची पुसलेली जाळी पुन्हा पुसायच्या. वर्ग चालू होता, पण त्यात जीव नव्हता. तोच हॉल, तोच सोफा. पोरांनी ओळखलं आणि ती दर आठवड्याला तोच परिच्छेद थोडा फिरवून द्यायला लागली. सोनेरी किरणं परतली. काकू वाचायच्या, पण बोट ठेवून विचारायच्या नाहीत. विचारणार तरी कसं, पाहण्यासारखं त्यांनीच काही ठेवलं नव्हतं. एकदा वर्ग ब्लॉकच्या खालच्या मोकळ्या जागेत नेऊन बघितला, पण तिथे नुसते खांब. खांबाचं वर्णन माणूस करून करून किती करणार.

आणि मग त्या पुंगोलच्या मुलीने चूक केली. वर्ग नुकताच संपला होता, पोरं अजून हॉलमध्येच होती. खुर्ची टेपच्या खुणेत परत न सारता ती आपलं दप्तर आवरत बसली. काका पाणी प्यायला उठले आणि त्या खुर्चीवर जोरात आदळले. खुर्ची पडली. काका टेबल धरून कसेबसे उभे राहिले. मी शनिवारचा घरीच होतो, आवाज ऐकून बाहेर आलो.

काकू त्या मुलीवर अशा बरसल्या की मी त्यांना तसं कधी पाहिलं नव्हतं. मुलगी पांढरीफटक पडली. तेवढ्यात काकांनी विचारलं, "काय होतं ते?"

"खुर्ची," काकू म्हणाल्या. "लागलं का?"

"लागलं. कुठे होती?" काकांचा आवाज वेगळा होता. बऱ्याच महिन्यांनी त्यांना कशाची तरी उत्सुकता वाटली होती. "तिला रागवू नकोस. तिला सांगायला सांग. खुर्ची कुठे आहे, मी कुठे आहे, नळ कुठे आहे. लिहू दे. ती वाचेल तसा मी चालतो."

"वेड लागलंय का तुम्हाला? पडलात तर?"

"पडलो तर परिच्छेद वाईट," काका म्हणाले. त्यांनी खांद्यावरचा नॅपकिन घेतला आणि स्वतःच्या डोळ्यांवर बांधला. "आत्ता समोरचं दिसतंय. एक दिवस तेही जाणार. त्या दिवशी मला सगळं पहिल्यापासून शिकायला लावू नकोस. आणि त्याआधी या खुर्चीत मला मरायला लावू नकोस."

काकू रडल्या. पहिल्यांदाच पोरांसमोर रडल्या. मग त्यांनी मुलीला कोरा कागद दिला.

तिचा पहिला परिच्छेद मला अजून आठवतो. हॉल मोठा आणि हवेशीर आहे, असं तिने सुरुवातीला लिहिलं होतं. काका जागच्या जागी उभे राहिले. "हवेशीर. बरं. मग पाय कुठला टाकू?" पोरं हसली, तीही हसली, आणि तिने ते वाक्य खोडलं. पुढे तिने लिहिलं होतं, टेबल डावीकडे आहे. काकांनी डावीकडे हात नेला, तिथे काहीच नव्हतं. टेबल मुलीच्या डावीकडे होतं आणि काका तिच्याकडे तोंड करून उभे होते. तिथे काकूंमधली मास्तरीण जागी झाली. "तुझी डावी बाजू कुणाला हवीय? जो चालतोय त्याची डावी बाजू सांग," त्या म्हणाल्या. डोळे पुसत पुसत त्यांनी पुढचं जे सांगितलं ते मी तरी विसरलेलो नाही. "वाचक म्हणजे कोण? अनोळखी हॉलमध्ये हात पुढे करून उभा असलेला माणूस. तू सांगशील त्यावर विश्वास टाकून तो पाऊल उचलणार आहे."

मी त्याच दिवशी जमिनीवरची टेप खरवडून काढली.

हॉल पुन्हा फिरायला लागला. सोफ्याने परत भिंतीकडे तोंड केलं. बॅच आली की आधी सगळे लिहायचे, मग काका नॅपकिन बांधायचे आणि एकेकाच्या परिच्छेदावर चालायचे. काका थांबले की समजायचं, वाक्य चुकलं. त्यांच्या नडगीला खरचटलं की त्या मुलाचा चेहरा एवढासा व्हायचा. परीक्षेतल्या मार्कांनी असा कधी झाला नसता. विशेषणं आपोआप गळाली. एका तमिळ मुलाने लिहिलं, शेजारच्या घरातून फोडणीचा वास येईल, तो नाकासमोर ठेवून चाला. पुंगोलच्या मुलीने लिहिलं, पंख्याचा वारा उजव्या कानाला लागला की थांबा, सोफ्याचा हात तुमच्या गुडघ्याशी आला आहे. काका थांबले, हात खाली नेला, आणि सोफ्याचा हात तिथे होता. ते बसले आणि म्हणाले, "हा चांगला लिहिलाय." एवढीच त्यांची समीक्षा असायची.

ठाण्याचे भाऊजी, काकांचे धाकटे भाऊ, आले ते तिघांची परतीची तिकिटं काढूनच. बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतलेले, सरळमार्गी गृहस्थ. भावावर जीव होता, त्यात शंका नाही. घरात शिरले आणि हॉलची अवस्था बघून त्यांचा चेहरा उतरला. सोफा दाराला आडवा, टेबल तिरकं, टीपॉय स्वयंपाकघराच्या वाटेत.

"वहिनी, माणसाला धड दिसत नाही आणि तुम्ही घरात अडथळ्यांची शर्यत लावलीय? लोक ऐकतील तर काय म्हणतील? दादा, तू पुढच्या आठवड्यात माझ्याबरोबर चल. आता ऐकून घेणार नाही."

आपण खरंच चुकत असू तर, ही भीती काकूंच्या मनात पहिल्यापासून होतीच, आणि ती आज कुणीतरी मोठ्याने बोलून दाखवली होती. त्या नुसत्या टेबलाभोवती फिरत राहिल्या.

काका म्हणाले, "चहा घेशील ना? बस. मी आणतो."

चार वाजून गेले होते. पुंगोलची मुलगी नेहमीप्रमाणे सगळ्यांच्या आधी आली होती आणि कोपऱ्यात बसून तिने आपला परिच्छेद लिहूनही टाकला होता. काकूंनी चहा कपात गाळला आणि ओट्याच्या कडेला ठेवला. काकांनी नॅपकिन बांधला. "वाच," ते म्हणाले.

ती वाचायला लागली. काका स्वयंपाकघराच्या दारातून कपबशी घेऊन निघाले. टीपॉय आला, तो त्यांनी पायाने चाचपून चुकवला. पंख्याचा वारा आला, ते वळले. भाऊजींना हे सगळं काय चाललंय ते कळेना; ते उभे होते ते अस्वस्थ होऊन मागची एक खुर्ची ओढून घेऊन बसले, पाय लांब करून. खुर्चीला मोजे होते. आवाज झाला नाही.

मी बघितलं. खुर्ची बरोबर काकांच्या वाटेत आली होती आणि परिच्छेदात ती नव्हती. काकूंनीही बघितलं. त्यांनी हात तोंडावर नेला. मुलीची नजर कागदावर होती. पुढचं वाक्य ती वाचणार, इथून सरळ चाला, मध्ये काही नाही. तिने तोंड उघडलं, आणि वर पाहिलं.

तिने कागद खाली ठेवला. "काका, थांबा," ती म्हणाली. मी तिला मराठी बोलताना त्याआधी ऐकलं नव्हतं. "आता तिथे चेअर आहे. तुमचे ब्रदर बसलेत. त्यांचे पाय लांब आहेत. तुम्ही थोडं राइटला या. अजून. आता हात पुढे करा. त्यांचा हात तिथे आहे."

काकांनी कपबशी पुढे केली. भाऊजींनी ती घेतली. थोडा चहा बशीत सांडला होता. भाऊजी कप हातात धरून भावाकडे बघत राहिले, त्याच्या डोळ्यांवरच्या नॅपकिनकडे. मग त्यांनी पाय आखडून घेतले आणि हळूच म्हणाले, "साखर बरोबर आहे."

काकू मुलीजवळ गेल्या, तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि लगेच आत जाऊन घासलेली भांडी परत घासायला लागल्या. मला रडू येत होतं आणि ते मी लपवलं नाही. भाऊजी एकटेच ठाण्याला गेले. दोन तिकिटं वाया गेली, त्याबद्दल त्यांनी कुणाला बोल लावला नाही.

पुढे मी लग्न केलं, पुंगोलला स्वतःचं बिऱ्हाड केलं, आणि यिशुनला जाणं कमी होत गेलं. माझ्या घरात सोफा एका जागी आहे. बायको म्हणते, तू अधूनमधून त्याच्याकडे असा का बघतोस.

काकूंच्या गुडघ्यांचं ऑपरेशन झाल्याचं कळलं तेव्हा भेटायला गेलो. काकांची नजर तोवर पूर्ण गेली होती. दार त्यांनीच उघडलं. मी उंबऱ्यात उभा राहून विचारलं, "आज सोफा कुठे आहे?"

"शोध," ते म्हणाले आणि वाट सोडून बाजूला झाले.

काकू खुर्चीत बसल्या होत्या. पाय स्टुलावर लांब केलेला. इतक्या वर्षांत त्यांना बसलेलं मी पहिल्यांदा पाहत होतो, आणि मला ते बघवलं नाही. "बघ रे," त्या तक्रारीच्या सुरात म्हणाल्या, "आता सगळं हेच हलवतात. मला विचारत नाहीत, सांगत नाहीत. चारला बॅच आहे." काका खरोखरच टेबल ढकलत होते. मी मदतीला पुढे झालो, त्यांनी हातानेच मला थांबवलं. टेबल झालं, टीपॉय झाला. मग ते काकूंच्या खुर्चीपाशी आले, स्टूल बाजूला केलं, त्यांचा पाय अलगद खाली ठेवला आणि खुर्चीची पाठ दोन्ही हातांनी धरली.

"अहो, काय करताय? मी काय सोफा आहे?"

"एका जागी बसून कंटाळली असशील," काका म्हणाले, आणि त्यांनी खुर्ची ढकलली.

खुर्ची सहज सरकली. तिच्या एका पायात माझा निळा मोजा होता, विटलेला. काकूंना खिडकीपाशी नेऊन काका जाळीला पाठ टेकून त्यांच्यासमोर उभे राहिले. "सांग. काय दिसतंय बाहेर?"

"काय दिसणार?" काकू बाहेर न बघता म्हणाल्या. "समोरचा ब्लॉक, वाळत घातलेले कपडे, खाली पार्किंग."

"पाहिलंस की आठवलंस?"

गळ्यात लोंबणारा चष्मा काकूंनी डोळ्यांवर चढवला, खुर्चीचे हात धरून जेमतेम पुढे वाकल्या आणि काकांच्या बाजूने बाहेर बघायला लागल्या. त्यांनी बराच वेळ घेतला. काका हात किंचित पुढे करून उभे होते.

"समोर वरच्या मजल्यावर एक बाई पिवळी चादर झटकतेय," त्या म्हणाल्या. "डावीकडे." मग थांबल्या, काकांकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "म्हणजे तुमच्या उजवीकडे."